कडेवरचं मूल

(वसईत बायकांच्या मासिक बैठकीत ‘पोशम पा’ हा हिंदी चित्रपट एकत्र पाहिल्यानंतर केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सिनेमा संपल्यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मागच्या सतरंजीवरून आवाज आला, ‘खाण तशी माती’. आणि आपल्यातल्या निम्म्याजणींनी माना डोलावल्या. कुणाची मान हलली, कुणाची नाही, ते मी मोजत बसले नव्हते. पण आज मला या म्हणीबद्दलच बोलायचं आहे, कारण सिनेमाही तेच सांगतो, वर्तमानपत्रांनीही तेच सांगितलं होतं, आणि पंचवीस-तीस वर्षं झाली तरी आपण त्यापलीकडे गेलेलो नाही.

ज्या उशिरा आल्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘पोशम पा’ हा २०१९ साली झी फाईव्हवर आलेला सिनेमा. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय. माही गिलने आईचं काम केलं आहे, सयानी गुप्ता आणि रागिणी खन्नाने मुलींचं. माहितीपट करणारे दोघं तरुण फाशीची शिक्षा झालेल्या दोन बहिणींना तुरुंगात भेटतात आणि त्यांच्याकडून त्यांच्या आईची गोष्ट बाहेर येते. पोशम पा म्हणजे हिंदी मुलांचा खेळ. दोघं हात उंच धरून कमान करतात, बाकीचे खालून जातात, शेवटी हात खाली येतात आणि एकजण अडकतो. नालासोपाऱ्याच्या चाळींमधून आपली पोरंही हा खेळ खेळतात. सिनेमात सगळ्यांची नावं बदललेली आहेत, पण ही गोष्ट कुठली हे महाराष्ट्रात तरी कुणाला सांगायला नको. ही कोल्हापूरच्या खटल्यातल्या अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांची गोष्ट आहे.

आपल्यातल्या तरुण मुलींना हा खटला आठवणार नाही. १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं या तिघी मायलेकी गर्दीच्या ठिकाणी पाकिटं मारत, गळ्यातलं ओढत हिंडत होत्या. देवळं, जत्रा, स्टेशनं, एसटी स्टँड. आणि त्यासाठी लहान मुलं पळवत होत्या. तेरा मुलं पळवल्याचा आणि त्यातल्या नऊ मुलांचा जीव घेतल्याचा आरोप होता. सगळे खून कोर्टात टिकले नाहीत, पण निदान पाच शाबीत झाले. काही मुलं सोडून दिल्यामुळे वाचली. नोव्हेंबर १९९६ मध्ये अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच अंजनाबाई तुरुंगात मेली. मुलींना कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ साली फाशी सुनावली, हायकोर्टाने २००४ ला आणि सुप्रीम कोर्टाने २००६ ला ती कायम केली. त्या मुलांचे जीव कसे घेतले ते मी सांगणार नाही. ज्यांना हवं त्यांना ते कुठेही वाचायला मिळेल, आणि सिनेमावाल्यांनाही त्यातच गोडी वाटते.

मुलं त्यांना हवी कशाला होती, हे मात्र नीट समजून घ्यायला पाहिजे. तुम्ही रोज विरार लोकलने जाता. सकाळी सात-चाळीसला बायकांच्या डब्यात दारात पाय ठेवायला जागा नसते. वसईच्या बाईला विरारची बाई आत घेत नाही, नायगावची तर गोष्टच सोडा. पण कडेवर मूल घेतलेली बाई आली की काय होतं? कुरकुरत का होईना आपण सरकतो. मूल रडलं तर कुणीतरी मांडीवर घेतं. तिची पिशवी कुणी तपासत नाही. तिचा हात आपल्या पर्सला लागला तरी आपण म्हणतो, बिचारीला तोल सावरत नाहीये. या तिघींनी नेमकी हीच गोष्ट हेरली. कडेवर मूल असलं की बाईवर संशय येत नाही. पकडलीच गेली तर ती म्हणणार, मी लेकुरवाळी बाई, मी कशाला चोरी करीन? आणि तेवढ्याने भागलं नाही, तर गर्दीचं लक्ष दुसरीकडे वळवायला तेच मूल वापरायचं. पहिल्या मुलाचं तसंच झालं. १९९० साली कोल्हापुरात, एका भिकारी बाईचं ते मूल होतं.

म्हणजे आई या शब्दाभोवती आपण जी आरती ओवाळतो, तिचंच त्यांनी हत्यार केलं. आई म्हटल्यावर आपले डोळे आपोआप मिटतात. पुराणापासून पोस्टरपर्यंत सगळ्यांनी आपल्याला तसंच शिकवलं आहे. आणि तीच आई खुनी निघाली की ते डोळे उघडत नाहीत, उलट्या बाजूने मिटतात. मग ती बाई राहत नाही, राक्षसीण होते, डाकीण होते, आणि तिच्या मुली म्हणजे त्या खाणीतली माती. देवी नाहीतर डाकीण, मधे माणूस म्हणून तिला उभं राहायला जागाच नाही. सिनेमाही तेच करतो. त्यात आईचा चेहरा आहे, तिचं हसणं आहे, मुलींवरची तिची जरब आहे. माही गिलने काम चांगलं केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण सिनेमा बघताना मी सारखी एकच गोष्ट शोधत होते. बाकीच्या आया कुठे आहेत?

तेरा मुलं म्हणजे तेरा घरं. त्यात भीक मागणाऱ्या बायका होत्या, फुटपाथवर, झोपडपट्टीत राहणारी माणसं होती. स्टेशनवर, देवळाच्या पायरीवर मूल बाजूला निजवून दोन पैसे मिळवणाऱ्या बायका. त्यांची मुलं नाहीशी झाली आणि सहा वर्षं कुठे काही हललं नाही. हललं कधी? तर अंजनाबाईच्या दुसऱ्या नवऱ्याने तिला सोडून दुसरा संसार थाटला होता, त्या संसारातली मुलगी पळवली गेली तेव्हा. त्या घरच्यांना संशय कुणाचा हे सांगता आलं, नाव देता आलं, पत्ता देता आला. तिथून धागा सापडला आणि मागची सगळी मुलं बाहेर आली. मला सांगा, पहिल्या मुलाच्या वेळीच कुणी धावलं असतं तर?

इतक्या वर्षांत या आयांना भेटायला कोण गेलं? मुलींच्या मुलाखती घेणाऱ्या पोरांवर सिनेमा निघतो. मूल गेलेल्या बाईला भेटायला जाणाऱ्यांवर निघत नाही, कारण तिच्यात थरार नाही. तिच्याकडे फक्त एक झबलं असतं आणि पोलिसांनी परत न दिलेला एक फोटो.

फोटोचं मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका बाईचा पाच वर्षांचा मुलगा बाजारातून नाहीसा झाला. तिच्याबरोबर मी एका पोलीस चौकीत गेले होते. कुठली चौकी ते महत्त्वाचं नाही. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बाई, तुझं लक्ष कुठे होतं?’ दुसरा, ‘नवरा पितो का?’ तिसरा, ‘मूल नक्की तुझंच ना?’ मुलाने कपडे कुठले घातले होते हा प्रश्न अर्ध्या तासाने आला. तिच्याकडे फोटो एकच होता, जत्रेत काढलेला, तो त्यांनी ठेवून घेतला. वहीत नोंद केली, आणि नातेवाइकांकडे बघा म्हणून सांगितलं. मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या एका भट्टीवर सापडला, ओळखीच्या मुलांबरोबर खेळत खेळत तिकडे गेला होता. फोटो मात्र परत मिळाला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती बाई मला भेटली की आधी सांगायची, ‘ताई, माझं लक्ष होतं हो.’

म्हणून ही एक गोष्ट आज तोंडपाठ करून जा. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितलं आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी एफआयआर नोंदवलाच पाहिजे, आणि मूल पळवलं गेलं किंवा विकलं गेलं असं धरूनच तपासाला लागलं पाहिजे. चोवीस तास थांबा, नातेवाइकांकडे बघा, हे चालत नाही. स्टेशनच्या आत हरवलं म्हणजे रेल्वे पोलीस, बाहेर हरवलं म्हणजे दुसरे, असं म्हणूनही तुम्हाला परत पाठवता येत नाही. हद्द कुठलीही असली तरी नोंद करायची आणि मग पाठवायची तिकडे पाठवायची. जुलै २०२४ पासून नवीन कायद्यातही हे आलं आहे. आणि १०९८ हा नंबर. मुंबईत १९९६ साली ही मुलांची हेल्पलाईन सुरू झाली. त्याच साली त्या मायलेकी पकडल्या गेल्या, हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू सांगते. तुम्हाला वाटेल मी विषय सोडतेय, पण सोडत नाहीये. असे सिनेमे आणि अशा बातम्या लोकांच्या मनात ‘मुलं पळवणारी टोळी’ हे चित्र पक्कं करतात. त्या चित्राची किंमत कुणी मोजली? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी पाचजणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत हिंडणारी माणसं होती, मंगळवेढ्याकडची. मोबाईलवर अफवा फिरत होती की मुलं पळवणारे आलेत. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला, १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघं मारले गेले. लॉकडाऊन होतं, गावोगाव चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत अशा अफवा होत्या, रात्रीचे पहारे होते. पुढे त्यावर काय काय राजकारण झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. पण सुरुवात झाली ती या भीतीपासून.

म्हणजे बघा, खरोखर मुलं पळवली जात होती तेव्हा ज्यांच्याकडे कुणी बघितलं नाही ती भटकी, गरीब, भीक मागणारी माणसं. आणि अफवा उठली की जमाव धावतो तो त्यांच्यासारख्यांच्याच अंगावर.

परत आईकडे येते. शाळेत आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकली आहे. चोराला फाशी देताना तो म्हणतो, मला शेवटचं आईशी बोलायचंय, आणि आईच्या कानाशी जाऊन तिचा कानच चावतो. का, तर लहानपणी पहिली चोरी केली तेव्हा तिने थोबाडीत का दिली नाही म्हणून. त्या गोष्टीत बाप कुठे आहे? मी लहानपणी बाईंना हे विचारलं होतं, तेव्हा बाई म्हणाल्या, गोष्टीत नाही बाप. अंजनाबाईच्या गोष्टीत बाप आहेत, चांगले दोन. वर्तमानपत्रात आलं होतं त्याप्रमाणे पहिला ट्रक ड्रायव्हर, ज्याच्याबरोबर ती घर सोडून आली. मुलगी झाल्यावर त्याने सोडलं. दुसऱ्याबरोबर दुसरी मुलगी झाली, त्यानेही सोडलं. शिवाय तिसरा पुरुष आहे, रेणुकाचा नवरा. तो माफीचा साक्षीदार झाला. कायद्यात ती तरतूद आहे, त्याच्या साक्षीशिवाय कदाचित खटला उभाच राहिला नसता, हेही मला मान्य आहे. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? ‘मायलेकी’.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ताई, तुम्ही त्यांची बाजू घेताय. नवऱ्यांनी टाकली म्हणून ती तशी झाली, असं तुमचं म्हणणं. नाही, असं मी अजिबात म्हणत नाही, आणि सिनेमा तसं सुचवू लागतो तेव्हा मला त्याचाही राग येतो. या खोलीत नवऱ्याने टाकलेल्या किती जणी आहेत? हात वर करू नका, मला माहीत आहे. कुणी वालीवच्या गाळ्यांत पॅकिंग केलं, कुणी पोळ्या लाटल्या, कुणी दादरला फुलांची टोपली नेली. कुणी दुसरीचं मूल उचललं नाही. टाकलेली बाई गुन्हेगार होते असं म्हणणं हा या सगळ्याजणींचा अपमान आहे. त्या तिघींनी जे केलं ते त्यांनी केलं, त्याचा जाब त्यांनाच द्यायचा आहे. मला एवढंच विचारायचं आहे की ‘आईने बिघडवलं’ म्हटल्यावर आपला तपास तिथेच का थांबतो? आणि त्या आईवर तर खटलाच चालला नाही, तिची उलटतपासणी झाली नाही. तिच्या मनात काय होतं ते आपण मुलींकडून ऐकतो, जावयाकडून ऐकतो आणि शेवटी पटकथा लिहिणाऱ्याकडून. हिचकॉकचा ‘सायको’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, १९६० चा. त्यातही सगळा दोष आईवर आहे आणि आई केव्हाच मेलेली आहे. तिचा आवाजसुद्धा मुलगाच काढतो.

हे फक्त सिनेमात असतं तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. शास्त्राच्या नावानेही हे झालं आहे. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने १९४३ मध्ये स्वमग्न मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट मांडलं, आणि त्याबरोबर त्यांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं. तिथून ‘फ्रीजसारखी थंड आई’ असा शब्द रूढ झाला. ब्रूनो बेटलहाइमने १९६७ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. मूल बोलत नाही, नजर देत नाही, कारण आईला ते नकोसं होतं, असा एकूण रोख. हजारो बायकांनी हे ऐकून घेतलं. बर्नार्ड रिमलंड नावाचा मानसशास्त्रज्ञ, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, त्याने १९६४ मध्येच दाखवून दिलं होतं की याचं मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या मायेत नाही. तरीही तो समज जायला पुढे कित्येक वर्षं लागली.

आणि आपल्याकडे गेला का? आपल्या वस्तीतली अशी एक मुलगी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चावते, ओरडते, भिंतीवर डोकं आपटते. तिच्या आईने काय काय ऐकलं? गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस. नोकरी केलीस. मोबाईल दिलास. सासूने भगताकडे नेलं तेव्हा त्याने सांगितलं की दोष आईच्याच अंगात आहे, आणि चटके द्यायची भाषा केली. तेव्हा आपण चौघीजणी मध्ये पडलो. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचं नुसतं नाव घेतल्यावर भगत गप्प बसला. पण सासू अजून गप्प बसलेली नाही. ती आई आज इथे आली नाही. मुलीला कुणाकडे ठेवणार? तिने हा सिनेमा बघितला नाही ते एका परीने बरंच झालं. बिघडलेलं मूल आणि त्यामागे एक आई, हे ती रोज शेजारणींच्या डोळ्यांत बघते.

मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, त्या दोघींचं पुढे काय झालं? सिनेमात ते सगळं नाही, कारण शेवटचा निकाल नंतर आला. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांचा दयेचा अर्ज फेटाळला. तेव्हा सगळीकडे एकच मथळा होता, स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया. जसं काही पहिली स्त्री वैमानिक, पहिली स्त्री न्यायाधीश. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं होतं की दयेच्या अर्जाला सरकारने कारण नसताना वर्षानुवर्षं लावली तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. या दोघींच्या अर्जाला जवळजवळ आठ वर्षं लागली होती. फायली इकडून तिकडे फिरत होत्या. म्हणून १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा सौम्य होता म्हणून नव्हे, तर सरकारने दिरंगाई केली म्हणून. त्यांनी सुटका मागितली होती, ती कोर्टाने दिली नाही.

मी फाशीच्या विरोधात आहे. ही माझी भूमिका जुनी आहे आणि इथल्या सगळ्यांना ती पटत नाही हेही मला ठाऊक आहे. त्यावर वेगळं भांडू. पण त्या निकालाची बातमी वाचताना मला राग आला तो एकाच गोष्टीचा. १९९० च्या मुलाच्या आईच्या तक्रारीला वेळ लागला, आणि २०१४ च्या अर्जालाही वेळ लागला. वेळेचा फायदा कधी कुणाला मिळाला असेल, पण त्या पायरीवरच्या बायकांना नाही. हायकोर्टाचा निकाल त्यांना कुणी जाऊन वाचून दाखवला असेल का?

पुढच्या महिन्याचं ठरवून टाकू. ‘देवराई’ लावायचा असं काहींचं म्हणणं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००४ चा. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण, अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. ज्यांनी त्यासाठी पैसे उभे केले त्या डॉ. जगन्नाथ वाणींनी स्वतःच्या बायकोचं हे दुखणं घरात अनुभवलं होतं. त्यात कुणी कुणाचा कान चावत नाही. माझं मत ‘देवराई’ला आहे. फक्त वार बदलायला हवा. गाळ्यांत काम करणाऱ्या नालासोपाऱ्याच्या बायकांना रविवारी दुपारीही सुट्टी मिळत नाही म्हणतात. आणि त्या मुलीला दोन तास आपल्यापैकी कोण सांभाळणार, तेही आजच सांगा, म्हणजे तिची आई येईल.